लसूणघासाची पंगत

लसूणघासाला फूल आलं की सुखदेवभाऊ चपला बांधावर काढून ठेवतात आणि आवाज खाली आणतात. एरवी त्यांचा आवाज बार्शीटाकळीच्या स्टँडवरून निम्म्या गावाला ऐकू येतो. पण जांभळ्या फुलांपाशी आले की नुसती कुजबुज.

"हळू बोला गुरुजी. पोरी जेवून राहिल्या."

पोरी म्हणजे मधमाशा.

आता लसूणघास हा जनावरांचा चारा. कळी दिसली की कापावा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. फुलू दिला तर त्याची काडी होते आणि म्हैस तोंड फिरवते. सुखदेवभाऊंचं सगळंच उलटं. पाचांपैकी दोन वाफे ते फुलण्यासाठी राखतात, आणि एकदा फूल दिसलं की ते गळेपर्यंत विळा लावू देत नाहीत. बरं, मधाची पेटी ठेवलीय म्हणावं, तर तेही नाही. मी एकदा विचारून पाहिलं.

"लेकीच्या ताटातला घास उचलते का कोनी? मास्तर होते ना तुमी?"

निवृत्तीनंतर मला गाय पाळायची अवदसा आठवली, तेव्हापासून मी त्यांच्याकडून चारा नेतो. चारा थोडा मिळतो, माहिती फार. एकदा तर त्यांनी मला बांधावर पालथं झोपवून फुलं बघायला लावली.

"या फुलात खटका असते. माशी बसली का फटकन तोंडावर मारते. पाहा, पाहा, बसली चापट!"

मला काही दिसलं नाही, मुंग्या मात्र चावल्या.

"तरी येते बिचारी. पोट हाय ना तिले." हे सांगताना भाऊ हसत नव्हते, एवढं मला तेव्हाही खटकलं.

यंदा वैशाखात माझी गाय व्यायली आणि गावात हिरवी काडी मिळेना. नुसतं वाळलेलं कुटार खाऊन गाईचं दूध आटायला लागलं. वासरू ढुशा देऊन देऊन दमायचं. भाऊंचे तीन वाफे कधीच कापून झालेले; अख्ख्या शिवारात हिरवं काय ते त्यांचे राखलेले दोन, तेही ऐन फुलात. मी विळा घेऊन गेलो.

"आठ दिवस थांबा," भाऊ म्हणाले.

"वासरू थांबेल का आठ दिवस?"

"मंग ह्या कुठी जातीन? वैशाखात दुसरं काय फुललं हाय, सांगा!"

माझं डोकं फिरलं. चार शब्द बोलून गेलो. आवाज ऐकून भाऊंची बायको, कौसावहिनी, गोठ्यातून आल्या आणि त्यांनी माझ्या हातातला विळा घेतला. "चला गुरुजी, कापू. ह्याइचं काई आयकू नका."

भाऊ सरळ वाफ्यात गेले आणि मधोमध मांडी घालून बसले. साठी उलटलेला माणूस, गुडघे दुखणारा, टोपीभोवती माशा. मला हसू फुटलं. वहिनींना फुटलं नाही.

"सहा वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "आमची शीला धारणीहून आली होती, सासरहून. गालावर पाच बोटं. मी ताट वाढलं. दोन घास खाल्ले नसतीन, त हे म्हनतेत, उठ, शेवटची जीप जाईन, लोकं काय म्हनतीन. भरल्या ताटावरून उठवलं पोरीले. आता नवरा सोडून नांदगाव पेठेत कामाले हाय. इथी येते, उभ्यानं पानी पेते, जाते. जेवत नाई."

"मारलं त्यानं, गुरुजी," भाऊ वाफ्यातूनच म्हणाले. "पन उठवलं मीच."

मला फार वाईट वाटलं. तरी मास्तरकी केलीच. "माशांना सहा वर्षं वाढताय. तिला एकदा जेवायला ये म्हटलंत का?"

भाऊंनी बसल्या जागी फोन काढला. पलीकडून "बोला बाबा" ऐकू आलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"लसूनघास फुलला हाय," एवढंच म्हणाले आणि फोन बंद केला. वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला.

मी रिकाम्या हातांनी परतलो. वासराला शेजारच्या म्हशीचं दूध पाजून दिवस काढले.

नवव्या दिवशी भाऊ डोक्यावर भारा घेऊन माझ्या दारात हजर. नुसत्या काड्या. "जेवल्या पोरी. कापला," म्हणाले. भारा टाकून झाला तरी ते जाईनात.

"शीला आलती. अर्धी भाकर खाल्ली, अर्धी ताटात ठेवली. पन बसून खाल्ली, गुरुजी. मी पानी द्यालेबी जागचा उठलो नाई. उठलो असतो त तिले वाटलं असतं, जा म्हनून राहिला."

गाईने भारा हुंगला आणि तोंड फिरवलं. भाऊ बघत होते.

"काहून खात नाई?"

"पोट भरलंय तिचं," मी म्हणालो.