भांडण कमरेत, बोंब पायात

आमच्या समोरच्या सोपानबप्पांकडे गेलं की आधी पाणी मिळत नाही, आधी आडवं व्हावं लागतं. त्यांच्या ओसरीवर एक लाकडी तखत आहे. त्यावर गादी नाही, सतरंजी नाही, उशी तर नाहीच. आलेला माणूस लग्नाची पत्रिका द्यायला आलेला असो, मतं मागायला आलेला असो, नाहीतर नुसतं मोबाईलचं चार्जर मागायला, बप्पा डोळे बारीक करून त्याची चाल बघतात आणि म्हणतात, "पाठीवर पडा. मंग बोलू."

माणूस पडला की बप्पा त्याची टाच हातात घेतात आणि गुडघा वाकू न देता पाय हळूहळू वर उचलतात. बघतात मात्र त्याच्या तोंडाकडे. त्याचं तोंड वाकडं झालं की बप्पांचं उजळतं. "शीर हाय ही. कमरंतून निघती, कुल्ल्यातून उतरती, मांडीच्या मागून पोटरीत अन् थेट अंगठ्याला. भांडण कमरंत, बोंब पायात." हे शेवटचं वाक्य आमच्या दिंद्रुड गावात इतकं रुळलंय की दोन जावांचं वाजलं आणि राग लेकरांवर निघाला, तरी लोक तेच म्हणतात.

मी शिवणकाम करते. माझी मशीन दारात, आणि दाराच्या बरोबर समोर बप्पांची ओसरी. ब्लाऊजच्या बाह्या जोडता जोडता मी हा अख्खा दवाखाना फुकटात बघितलाय. बायाबापड्यांना तखतावर झोपवणं शोभत नाही, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी सोय. ओट्यावर पाय सोडून बसायचं आणि बप्पा लांबून सांगतील तसा एकेक गुडघा सरळ करायचा. गयाकाकू, म्हणजे बप्पांच्या मंडळी, आत-बाहेर करत सगळ्यांना चहा द्यायच्या. बप्पा शिरेचा रस्ता समजावून सांगत असले की त्यांचा चहा निवायचा, आणि काकू तो न बोलता पुन्हा गरम करून आणायच्या.

हे खूळ बप्पांना उगाच लागलेलं नाही. दोघं वर्षानुवर्षं ऊसतोडीला जायची. नवरा-बायको मिळून मजुरीत एक कोयता धरायचा, अशी आमच्याकडची रीत. एका हंगामात उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना बप्पांच्या कमरेत काहीतरी लचकलं आणि उजव्या पायातून वीज गेल्यासारखी कळ उतरली. मग सुरू झाले इलाज. कोणी मुतखडा सांगितला, तर बप्पा काढे पिऊन पिऊन बेजार झाले. कोणी तापल्या विळ्यानं पोटरीला डाग दिला. एक जण तर नस बसवतो म्हणून त्यांच्या पाठीवर उभा राहिला. तो पूर्वी पैलवान होता, ही गोष्ट बप्पांना नंतर कळली.

शेवटी अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी त्यांना टेबलावर झोपवून पाय सरळ वर उचलला. बप्पा ओरडले. डॉक्टर म्हणाले, दोन मणक्यांमधली गादी सरकून नसेवर दाब आलाय, पायाचा काही दोष नाही. बप्पा तिथंच रडले म्हणे, पण कळीनं नाही. इतके दिवस ज्याला त्याला नाटक वाटत होतं, त्या दुखण्याला एकदाचं नाव मिळालं म्हणून. गोळ्या, थोडा आराम, मग नेमानं चालणं, पोटावर पडून करायचे व्यायाम, वाकून ओझं उचलायचं नाही, एवढ्यावर पाय सुधारला, चाकू लागला नाही. ऊसतोड सुटली आणि तेव्हापासून बप्पांना जगात एकच आजार दिसायला लागला.

निम्म्या वेळा ते चुकायचे, हेही सांगायला पाहिजे. विजेच्या खांबावर चढणाऱ्या एका लाईनमनला त्यांनी शीर सांगून पोटावर पाडलं, तर त्याच्या टाचेत बाभळीचा काटा निघाला. माझ्या पायाला मुंग्या येत होत्या तेव्हा मलाही शीर सांगितली. डॉक्टरांनी माझं स्टूल उंच करायला सांगितलं आणि मुंग्या गेल्या. बप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, "डॉक्टर तरुण हाय अजून." एकदा तर त्यांनी लंगडणाऱ्या शेळीचा पाय सरळ करून बघितला. शेळीनं लाथ मारली. तोंड वाकडं झालं, पण बप्पांचं.

माझ्या नणंदेला बघायला युसूफ वडगावचे पाहुणे आले, तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांत बप्पांना बोलावलं होतं. मुलाचे वडील सतरंजीवर एका अंगावर कलून बसले होते. मी मनात म्हटलं, आता बप्पा काही गप्प बसत नाहीत. आणि झालंच. पोहे अर्धे असताना बप्पांनी होणाऱ्या व्याह्यांना हाताला धरून समोरच्या तखतावर नेलं, आडवं केलं आणि पाय उचलला. व्याह्यांनी अशी आरोळी ठोकली की त्यांच्या मंडळी ताट सोडून धावल्या. आमच्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला, सोयरीक गेली असंच सगळ्यांनी धरलं. तेवढ्यात व्याही उठून बसले आणि बायकोला म्हणाले, "बघितलंस? मी सोंग करतो म्हणत होतीस." त्या आनंदात त्यांनी तिथंच सुपारी फोडायला सांगितली. दोन्ही घरी लावलेल्या सुपारीच्या फोटोंत व्याही एका अंगावर कलून बसलेले आहेत आणि शेजारी बप्पा, मुलगी आपणच दिल्यासारखे.

गेल्या साली कापूस वेचणी उरकत आली होती. आम्ही बाजारातून परत येत होतो. पुढे बप्पा, त्यांच्या मागे डोक्यावर पिशवी घेतलेल्या काकू, आणि त्यांच्याही मागे मी. आमच्याकडे बायको नवऱ्याच्या बरोबरीनं चालत नाही, चार पावलं मागं राहते. तसं कोणी शिकवत नाही, पण लग्न झालं की पाय आपोआप मागं पडतात. तर काकूंच्या डाव्या पायातली चप्पल निसटून रस्त्यात राहिली आणि काकू तशाच पुढं गेल्या. खडीवरून, एक पाय अनवाणी. मी चप्पल उचलून हाक मारली. काकूंनी खाली बघितलं ते दुसऱ्या कोणाचा पाय बघावा तसं.

बप्पा वळले. मला वाटलं, काहीतरी चेष्टा करतील. त्यांनी माझ्या हातातली चप्पल बघितली, काकूंचा पाय बघितला आणि त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं. त्यांच्या दुखण्याच्या वेळी अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी त्यांना निघताना बजावलं होतं, ते त्यांनी मला नंतर सांगितलं. कळ आली तर घाबरू नका, पण पाय बधिर झाला, पाऊल उचलेना, चप्पल निसटलेली कळेना, तर एक दिवसही घरी काढू नका.

त्यांनी काकूंना वाटेतल्या पुलाच्या कठड्यावर बसवलं आणि पंजे वर ओढायला सांगितले. उजवा चटकन वर आला. डावा थोडा हलला, थरथरला आणि खाली पडला.

"कवापासून?" बप्पांनी विचारलं.

"झाले लई दिवस. आदी कळ यायची, आता कळ बी न्हाई."

"मंग सांगितलं कावून न्हाई?"

काकूंच्या आवाजात तक्रार नव्हती. भाकरी किती टाकू असं विचारावं, तशा त्या म्हणाल्या, "समद्या गावाला इचारायलात. मला कुठं इचारलं?"

बप्पा बाजाराच्या रस्त्यात खाली बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत त्यांनी काकूंच्या पायात चप्पल घातली. काकूंचा अंगठा चपलेच्या पट्ट्यात जाईना. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. गावातल्या प्रत्येकाची चाल त्यांना पाठ होती. बायको मात्र आयुष्यभर त्यांच्या पाठीमागं चालली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं दोघं अंबाजोगाईला गेली. तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, दाब काढलाय, पण नस फार दिवस दबून होती. पाऊल उचलेल का, किती उचलेल, हे आज कोणी सांगू शकणार नाही. नस हळूहळू सुधारते, महिने जातात. तोवर व्यायाम, चालणं, आणि अडखळून पडू द्यायचं नाही.

बप्पांनी गावाला तखत बंद केलं. आता त्यावर काकू असतात, पंज्याला फडकं अडकवून ओढायचा व्यायाम करत, आणि बप्पा शेजारी उभे राहून त्यांच्या अंगठ्याकडे बघत. चहा बप्पाच करतात. तो पिण्यासारखा नसतो, पण काकू पितात. कोणी कमरेला हात लावून दारात आलं तर त्याला पाणी मिळतं आणि डॉक्टरचा पत्ता मिळतो. मध्यंतरी बप्पा माझ्याकडे काकूंच्या चपला घेऊन आले. टाचेमागून पट्टा शिवून दे म्हणाले, निसटली न्हाई पायजे. मी शिवून दिला. तर परत घेऊन आले, पट्ट्याची कडा तिच्या टाचेला घासायली, आतून मऊ कापड लाव. लावलं.

रोज सकाळी दोघं गावाबाहेरच्या रस्त्यानं फिरायला निघतात. काकू पुढं आणि बप्पा मागं. हॉटेलासमोर बसलेली माणसं एकमेकांना कोपरखळ्या मारतात, हे उलटं वऱ्हाड कुठं निघालं म्हणून हसतात. बप्पांचं तिकडं लक्ष नसतं. त्यांची नजर काकूंच्या डाव्या पावलावर असते. पंजा घासला की ते थांबतात, उचलला की चालतात. काल मीही त्यांच्याबरोबर होते. हॉटेल जवळ आलं तसं काकूंना लाज वाटली. त्यांनी पदर पुढं ओढला आणि मागं न बघता म्हणाल्या, "व्हा की पुढं. लोक बघायलेत."

"बघू दे," बप्पा म्हणाले, "मी बी बघायलोय."