चहापारखी काकांचा घोट

चहापारखी काका एक्स-रेच्या यंत्रासमोर उभे राहिले. दोन महिने जेवताना घास छातीत अडकत होता. अडकलेल्या घासाचे जेवढे म्हणून भयंकर अर्थ निघतात, तेवढे काकांनी बसल्या बसल्या काढून ठेवले होते. विम्याचे कागदही ते कपाटात अगदी वर, हाताला येतील असे ठेवून आले होते.

टेक्निशियनबाईंनी एक्स-रेत अन्ननलिका दिसावी म्हणून पाजतात त्या पांढऱ्या, दाट बेरियमचा पेला हातात दिला. "काका, मी सांगितलं की एक घोट घ्यायचा आणि गिळायचा. तो खाली उतरताना मी चित्र घेते. एवढंच."

"एवढंच ना," म्हणत काकांनी घोट सुर्रकन ओढला, जिभेवर घोळवला आणि कोपऱ्यातल्या बादलीत अचूक थुंकले.

"काका, गिळायचं होतं."

"हो हो, चुकलं. पण माल कच्चट आहे हो. मागून खडूची चव येते."

काकांचा तरी काय दोष? चहाच्या कंपनीत एकतीस वर्षं रोज दोनशे पेले चाखायचे आणि थेंबही पोटात जाऊ द्यायचा नाही, हीच त्यांची नोकरी. दुसरा घोटही बादलीत गेला. तिसऱ्याला त्यांनी दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं, तर तो नाकातून बाहेर आला. बाईंच्या काळ्या बुटांवर नक्षी उमटली. बाहेर रांगेतली माणसं दार वाजवू लागली.

"घरी तरी चहा पिता की नाही?"

"पितो की. घरी थुंकायची काय बिशाद आहे?"

बाईंनी ताबडतोब बाहेर बसलेल्या काकूंना बोलावून काचेआड माइकसमोर उभं केलं. काकू म्हणाल्या, "अहो, मी केलंय. घ्या."

बाईंचं बोट बटणापर्यंत पोचायच्या आत काकांनी अख्खा पेला रिकामा केला होता.

आता शेवटचा पेला. "काकू, जरा गोडीगुलाबीनं सांगा," बाई काकुळतीला येऊन म्हणाल्या. मग काकूंच्या "सावकाश हं"च्या तालावर एकेक घोट उतरला, बेरियम लावलेला बिस्किटाचा तुकडाही उतरला, आणि चित्रं निघाली.

"अन्ननलिका ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. "गाठ नाही, अडथळा नाही." काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंनी सगळ्यांदेखत त्यांचा हात धरला.

"पण हे बिस्कीट बघा. जसं तोंडात गेलं तसंच खाली आलंय. घरी चावत नाही का?"

आनंदाच्या भरात काकांचा जिभेवरचा ताबा सुटला. "चावतो कुठला? चावलं की चव कळते. चव कळली की मत द्यावंसं वाटतं. त्यापेक्षा घास तसाच ढकलतो. घरात शांतता राहते."

"या वयात असे घास अडकणारच," म्हणत डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं : प्रत्येक घास नीट चावून, चव घेत खाणे.

काकूंनी हात सोडला आणि चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. जिन्यात त्या थांबल्या.

"म्हणजे अठ्ठावीस वर्षं 'छान झालंय' म्हणत होतात, ते न चाखताच?"

काका कठडा धरून उभे राहिले.

"आज चाखा," काकू म्हणाल्या. "आणि मग खरं काय ते सांगा."

"मी काय म्हणतो," काका हळूच वर बघत म्हणाले, "एवढे आलोच आहोत, तर इथे दाखल करून घेतात का, विचारून बघू या?"