मुकुंदरावांनी लॅपटॉप जागा ठेवला

यंत्र कुठलंही असो, त्याला नीट शिस्त लावली की ते चालतं, असं मुकुंदरावांचं ठाम मत होतं. महाळुंग्याच्या कंपनीत उभं आयुष्य मशिनं सांभाळलेला माणूस! घरच्या लॅपटॉपला काय घाबरणार?

गुरुवारी सकाळी ते रात्रपाळी करून आकुर्डीला घरी आले आणि सोफ्यावर आडवे झाले. तेवढ्यात लेक अनुया रडवेला चेहरा करून लॅपटॉप घेऊन आली.

"बाबा, अकराला इंटरव्ह्यू आहे. वर्षभरात आलेला पहिलाच! आणि हा सारखा बंद पडतोय."

"बंद नाही पडत, झोपतो तो. आण इकडे, पाच मिनिटांचं काम!"

झोप हा मुकुंदरावांचा दुखरा विषय. आपल्याला नाही, तर यालाही नाही! सेटिंगमध्ये जिथं जिथं झोपायची सोय दिसली, तिथं त्यांनी 'कधीही नाही' करून टाकलं. झाकण लावलं तरी चालूच राहायचं! वेग? फुल्ल!

लॅपटॉप पोळी भाजेल इतका तापला, घरघरला आणि पुन्हा बंद पडला.

"अहो, याच्या पंख्याची हवा बाहेरच येत नाहीये," सुहासिनीबाई म्हणाल्या. चिमट्यानं त्यांनी जाळीतून झेंडूची पाकळी ओढली. मग दुसरी. मग कुंकवानं माखलेल्या अक्षता.

गेल्याच आठवड्यात खंडेनवमी झाली होती. कंपनीतल्या मशिनसारखीच घरच्या लॅपटॉपचीही साग्रसंगीत पूजा झाली होती, तीही तो चालू असताना. फुलं मूठमूठभर उधळणारा भक्त आता घड्याळाकडे बघत होता.

"खोलून साफ करायला वेळ नाही," तो भक्त पुटपुटला. "वारा घालू."

टेबलफॅनचा आवाज माइकमध्ये जाणार. म्हणून लॅपटॉप पोळपाटावर चढला आणि मुकुंदराव कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे जमिनीवर बसून पुठ्ठ्यानं वारा घालू लागले. पलीकडचे साहेब विचारताहेत, अनुया झकास उत्तरं देतेय, आणि इकडे मुकुंदरावांचे खांदे निखळायला आलेत! साहेबांचं आपलं चाललंय, अजून एक प्रश्न, अजून एक प्रश्न. शेवटी एकदाचे ते म्हणाले, "ठीक आहे, कळवतो आम्ही." अनुयानं "थँक्यू सर" म्हणत धाडकन झाकण लावलं.

"सुटलो!" मुकुंदरावांनी पुठ्ठा भिरकावला. "काय बोलतो गं तो टकल्या! आमच्याकडे असता ना, कायमचा रात्रपाळीला टाकला असता!"

"बाबा, हळू! ते माझे साहेब होतील कदाचित!"

"हा? अगं, याला तर मी स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजायलासुद्धा..."

"अनुया," मिटलेल्या लॅपटॉपमधून आवाज आला, "आम्ही अजून इथंच आहोत."

सुहासिनीबाईंनी कपाळाला हात लावला. अनुयाच्या तोंडचं पाणीच पळालं. गेली पोरीची नोकरी! मुकुंदरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नंतर कळवणार होतो, पण आत्ताच सांगतो," आवाज म्हणाला. "सोमवारपासून या. आणि वडिलांना म्हणावं, टकलाचं मलाही फार वाईट वाटतं."

मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. पेढे आणायला सांगावं म्हणून दोघी वळल्या, तर मुकुंदराव सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून गाढ झोपले होते.

डोळे टक्क उघडे होते, पण ते भिंतीलाच दिसत होते.