दहाची मोटार आणि खंडारेकाका

आमच्या गोल्फच्या मैदानावर एखादे साहेब चेंडू खळग्यात घालायला वाकले की सगळे चिडीचूप होतात. खेळाचा तसा शिष्टाचारच आहे. पण खुद्द साहेबांना गप्प बसवणारा माणूस अख्ख्या अमरावतीत एकच, आमचे पंपवाले खंडारेकाका. "साहेब, बोलू नका बॉ, मले मोटार आयकू द्या!" असं म्हणून ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटारीला आणि मूठ कानाला लावून उभे राहतात. साहेब बिचारे श्वाससुद्धा हळू घेतात.

मी इथल्या हिरवळीची देखरेख करतो, म्हणजे कागदोपत्री काकांचा वरिष्ठ. काकांना हे अजून कोणी सांगितलेलं नाही. गोल्फविषयी त्यांचं मत पक्कं आहे. "एवढं मोठं वावर, आन पीक काय, तं गवत! तेही खाले एक जनावर नाई." मात्र त्याच गवताला पाणी कमी पडलं की त्यांना जेवण जात नाही.

गेल्या उन्हाळ्यात मैदानाच्या टोकाची हिरवळ पिवळी पडायला लागली. पहाटे चार ते दहा मोटार चालायची, तरी शेवटच्या फवाऱ्यांचं पाणी वीतभर उडेना. आमच्या वऱ्हाडात पाणी कमी आलं की दुसरा विचारच नसतो, मोटार मोठी घ्यायची. कमिटीनंही दहा हॉर्सपॉवरची काढून पंधराची बसवायचं ठरवलं. काका भर बैठकीत शिरले.

"काहून? तिचा काय गुन्हा हाय? आठ दिवस द्या. नाई जमलं तं मोटारीसंगं मलेई काढा."

"ठीक आहे, काढू," अध्यक्ष म्हणाले.

काका मैदानातल्या तळ्यात उतरले. पाणी ओढणाऱ्या पाइपाची जाळी शेवाळानं गच्च भरली होती. मग पंपाजवळचा व्हॉल्व्ह पाहिला. मागे कधी पाइप फुटला तेव्हा कोणीतरी तो अर्धा बंद केला होता, आणि तो तसाच राहिला होता. "एका हातानं दार ढकलाचं, आन दुसऱ्या हातानं दाबून धराचं! मोटार काय करन?" काका माझ्यावरच ओरडले. जाळी धुतली, पाइपाचा कच्चा तुकडा बदलला आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडला.

आठव्या दिवशी अध्यक्ष शेवटचा फवारा जवळून पाहायला गेले आणि टोपीपर्यंत भिजले. त्याच दहाच्या मोटारीनं सगळं मैदान सकाळी आठ वाजेपर्यंतच ओलं केलं. मला इतका अभिमान वाटला की अकोल्याच्या मेहुण्याला फोन करून सांगितलं. त्यानं लगेच आपल्या वावरातला व्हॉल्व्ह तपासला.

आता मोटार रोज आठला बंद होते. काका मात्र दहापर्यंत पंपघरातच बसून राहायचे. एकदा मी म्हटलं, "काका, काम झालं, घरी जा की."

"घरी कोन हाय बापू? तुही काकू गेली तवापासून घर चूप हाय. इथं मोटार चालू असली का कोनी बोलून रायलं असं वाटते."

"म्हणजे तुम्ही स्वतःचेच दोन तास कापले?"

"मले पयल्याच दिवशी मालूम होतं," काका म्हणाले. "पन आपल्याले करमत नाई म्हनून तिले काहून रगडाचं?"

दुसऱ्या दिवसापासून आठच्या ठोक्याला मी डबा घेऊन पंपघरात जातो आणि दहापर्यंत तोंडाचा पट्टा चालू ठेवतो. मोटारीची सर त्याला नाही, हे काकांनी मला स्पष्ट सांगितलं आहे. पण परवा मला पाच मिनिटं उशीर झाला, तर ते दारात उभे होते.