ढब्बू नावाला वळत नाही

मंगळवारी संध्याकाळी लिफ्ट मेकॅनिक धुसफुसतच घरी आला. दिवसभर त्याने एकच रडगाणं ऐकलं होतं आणि फोनवर बायकोलाही दोनदा ऐकवलं होतं. "परवा तुम्ही तेल घालून गेलात आणि आज लिफ्टमधला पंखा बंद!" तेल घातलं रुळांना, पंखा लटकतो छताला, दोघांची जन्मात कधी गाठ पडलेली नाही. पण शेवटचा हात मेकॅनिकचा ना, मग फोडा खापर त्याच्या डोक्यावर! "देवाने ह्या लोकांना डोकी दिलीत कशाला!" असं रोजचं वाक्य म्हणत त्याने बूट काढले, आणि सव्वा वर्षाच्या लेकाच्या, ढब्बूच्या मांडीवर चिकटवलेली गोल पट्टी त्याला दिसली.

"गोवराची लस होती ना आज? रडला का गं आई?"

"रडला? दवाखाना डोक्यावर घेतला त्याने," आजी म्हणाली. "आणि पुढच्या मंगळवारी परत बोलावलंय."

"परत? आठवड्यात दुसरी?"

पण गॅसवर दूध होतं. आजी आत पळाली आणि प्रश्न बाहेरच राहिला.

नेमका त्याच वेळी कामाच्या ग्रुपवर मेसेज आला. 'लस आणि ऑटिझम! आईबापांनो, जागे व्हा!' खाली लक्षणांची यादी. पहिलंच लक्षण : मूल नावाने हाक मारली तर वळून पाहत नाही.

मेकॅनिकने ढब्बूला हाक मारली. जन्मदाखल्यावरचं नाव घेऊन, स्पष्ट, मोठ्याने. ढब्बू खेळण्यातल्या उलट्या मोटारीचं चाक फिरवत होता, तो फिरवतच राहिला. दुसरी हाक इतकी मोठी होती की समोरच्या बाईंनी दार उघडून डोकावून पाहिलं. शेजारचा कुत्रा भुंकला. ढब्बूची मान हलली नाही.

मेकॅनिकने यादी पुढे वाचली : एकच वस्तू फिरवत बसणं, चवड्यांवर चालणं.

बायको चष्म्याच्या दुकानातून दमून आली, तर दारातच नवऱ्याने मोबाइल तिच्या नाकासमोर धरला.

"अहो, पाणी तरी पिऊ द्या. कुणीही काहीही लिहितं आणि तुम्ही वाचत बसता."

"मग तूच मार हाक. दाखल्यावरच्या नावाने मार."

तिने मारली. एकदा, दोनदा, तीनदा. ढब्बूने चाक थांबवलं, त्याला जीभ लावून पाहिली आणि पुन्हा फिरवायला घेतलं.  ती तशीच चपलांच्या स्टँडवर बसली.

"सकाळपर्यंत चांगला होता हो माझा बाळ," एवढंच ती म्हणाली.

मेकॅनिकने लिफ्टच्या नोंदींची कोरी वही काढली. बुधवार : सकाळी नऊ हाका, प्रतिसाद शून्य. गुरुवार : अकरा मिनिटं सलग चाक फिरवलं. (फिरती वस्तू दिसली की बापही जेवायचा थांबतो, ते कोण लिहिणार?) शुक्रवार : चवड्यांवर चालला. त्या वेळी मोबाइल टेबलाच्या काठावर होता आणि ढब्बू त्याच्या मागावर होता, हेही लिहायचं राहून गेलं. शनिवारी फर्मान सुटलं की यापुढे घरात सगळ्यांनी दाखल्यावरचंच नाव घ्यायचं. आजीची जीभ त्या नावावर दर वेळी अडखळायची आणि दर वेळी तिला मुलाची बोलणी बसायची. पण हाका वाढल्या. रविवारी तर साठ झाल्या.

सोमवारी बायको धापा टाकत जिना चढून आली.

"मागच्या इमारतीत दोन मुलांना गोवर निघालाय. एकीला हॉस्पिटलात ठेवलंय, न्यूमोनिया झालाय म्हणे."

"म्हणून काय दुसरी लस टोचायची? एवढं झाल्यावर? मी जिवंत असेपर्यंत नाही!"

"अहो, पण त्याला काही झालं तर?"

"झालंय ते कमी आहे का?"

मग बायको रडली, मेकॅनिकही रडला. डॉक्टरांच्या तोंडावर जाब विचारायचा, असं ठरलं. ढब्बू दोघांच्या मांडीवरून आळीपाळीने मोटार चालवत होता.

मंगळवारी सगळं घर दवाखान्यात. मेकॅनिकने डॉक्टरबाईंपुढे वही आपटली. बाईंनी ती शांतपणे पहिल्या पानापासून वाचली.

"घरी काय म्हणता ह्याला?"

"ढब्बू."

"कधीपासून?"

"जन्मल्यापासून."

"आणि दाखल्यावरच्या नावाने?"

मेकॅनिकने घसा साफ केला. "गेल्या मंगळवारपासून."

बाई उठून ढब्बूच्या मागे गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "ढब्बू!" ढब्बू गर्रकन वळला, त्यांच्या डोळ्यांत बघून हसला, आणि लाळेने भिजलेली मोटार त्याने त्यांच्या हातात दिली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. बाईंनी आणखी बराच वेळ त्याला खेळवून पाहिलं.

"मला काळजीचं काही दिसत नाही. आणि लाखो मुलं तपासून झालीत, लसीमुळे ऑटिझम होत नाही. शिवाय ऑटिझम असता ना, तरी तुमचं पोर काही बिघडलेली लिफ्ट नाही. त्याच्याशी कसं वागायचं ते आपण शिकलो असतो." मग त्यांनी लसीचं कार्ड उघडलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "पण तुम्ही म्हणताय ती लस कुठली?"

"गेल्या मंगळवारची!"

"गेल्या मंगळवारी आमचा फ्रिज बंद पडला होता. एकाही मुलाला लस दिली नाही. म्हणून तर आज बोलावलं."

 मग सगळ्यांच्या माना एकदम आजीकडे वळल्या.

"मी कधी म्हटलं दिली म्हणून? परत बोलावलंय म्हटलं."

"अगं आई, मग ती पट्टी?"

"एका मुलीचं रक्त काढलं, तिला पट्टी लावली. ह्यालाही तीच हवी! त्यापायीच तर दवाखाना डोक्यावर घेतला. आठवडाभर मला एका शब्दाने विचारलंत का? नाव नीट घे, नाव नीट घे, हेच चाललेलं!"

मेकॅनिकने वही मिटली. बायको त्याच्या कानाशी वाकली.

"तुमच्या लिफ्टला निदान तेल तरी घातलेलं असतं."

 त्याने मुकाट्याने ढब्बूला मांडीवर घट्ट धरलं आणि लस टोचून झाली. ढब्बूने या वेळी खऱ्या कारणासाठी दवाखाना डोक्यावर घेतला.

संध्याकाळी घरी चहा झाला. ढब्बू चाक फिरवत होता. चहाचा कप उचलता उचलता आठवड्याच्या सवयीने मेकॅनिकच्या तोंडून दाखल्यावरचं नाव निघून गेलं.

ढब्बू वळला. "ऊं?" म्हणाला.

कप बशीवर आदळला. आजी दारात थबकली. मेकॅनिक खुर्चीतून उडालाच.

"बघितलंस? अगं, बघितलंस का? सकाळी लस घेतली आणि संध्याकाळी नावाला वळला! आठवडाभर घसा फोडून वळला नाही, आणि एका लसीत... हे ग्रुपवर टाकायलाच हवं!"

त्याने मोबाइल उचलला. बायकोने समोर वही उघडून ठेवली, हाकांच्या पानावर, आणि रविवारच्या साठ हाकांवर बोट ठेवलं.

"पंखा," ती म्हणाली.

मेकॅनिकने मोबाइल खाली ठेवला आणि गार झालेला चहा प्यायला.