धुरपदा गाढविणीचं मत

एका जंगलात, मुलांनो, चक्क लोकशाही होती. हसू नका. चांगली छापील नियमांची लोकशाही होती.

तिथे धुरपदा नावाची एक गाढवीण राहायची. जन्म तिचा गावातला, कुंभाराच्या दारचा. कुंभाराने चाक बंद केलं तेव्हा ती चालत चालत जंगलात आली आणि तिथलीच झाली. बारा उन्हाळे-पावसाळे काढल्यावर जंगलाच्या रिवाजाप्रमाणे तिने वडाखाली उभं राहून, कपाळाला माती लावून शपथ घेतली. हत्तीच्या पावलाचा शिक्का मारलेली सनद तिला मिळाली. सनदेत लिहिलं होतं, की शपथ घेतलेला आणि इथे जन्मलेला, दोघे सारखेच. धुरपदाला ते खरं वाटलं. गाढवच ती.

जंगलात पाणवठा एकच होता. तिथला कायदाही एकच. पाणी पिणाऱ्यावर कोणी झडप घालायची नाही. हे बघायला एक राखणदार असायचा आणि तो मतांनी निवडला जायचा.

गेल्या उन्हाळ्यात बिबट्याने धुरपदाच्या शिंगरावर पाणवठ्यावरच झडप घातली. धुरपदाने सणसणीत लाथ झाडली म्हणून पोर वाचलं, पण त्याचा मागचा पाय अधू झाला. ती दाद मागायला हत्तीकडे गेली. हत्ती मोठा न्यायी. त्याने सगळं ऐकून घेतलं, दोनदा डोळे पुसले आणि सांगितलं, की आपला कायदा उत्तम आहे, राखणदार तेवढा चांगला निवडा.

आणि यंदा राखणदारकीला उभं कोण? एक म्हातारं सांबर आणि दुसरा बिबट्या.

मतदानाच्या दिवशी धुरपदा सगळ्यांच्या आधी रांगेत जाऊन उभी राहिली. दोन्ही उमेदवारांना एकेक झाड नेमून दिलं होतं. सांबराच्या झाडाखालच्या ओल्या मातीत एक खूर उमटवायचा, की झालं मत. शिंगराने निर्धास्तपणे पाणी प्यावं, याहून जास्त तिला काही नको होतं.

यादीवर साळिंदर कारकून बसला होता. त्याने सनद उलटसुलट करून पाहिली, शिक्क्याचं तोंडभरून कौतुक केलं आणि मग विचारलं,

"धुरपदाबाई, तुमची नाळ कुठे पुरलीय?"

"कुंभाराच्या भट्टीमागे. कुंभारणीने हळदकुंकू वाहून पुरली होती."

"म्हणजे जंगलाबाहेर. मग कसं जमायचं? नाळ इथली लागते. कालच ठरलंय."

धुरपदा म्हणाली, की सनदेत नाळेचं काही नाही. साळिंदर म्हणाला, की सनदेत नाही म्हणूनच काल ठरवावं लागलं.

तिच्यामागे मोर उभा होता. धुरपदाने त्याच्याकडे पाहिलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, की मोरदादांची नाळ कुठे पुरली आहे?

मोर गडबडला. अंड्यातून आलेल्याला कसली नाळ? त्याच्यामागच्या कासवाने मान आत घेतली. घोरपडीला एकाएकी घरचं काम आठवलं. अर्धी रांग अंड्यातली निघाली. उरलेल्यांनाही जागा दाखवता येईना, कारण जंगलातल्या आया नाळ पुरत बसत नाहीत, खाऊन टाकतात.

"आणि बिबट्याची हो?" धुरपदाने विचारलं. "तो तर परवा परवा डोंगरापलीकडून आला. त्याने शपथसुद्धा घेतलेली नाही."

साळिंदराने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाई, ते तुम्हीच त्यांना विचारून या."

मतदान थांबलं. समिती बसली. समितीने चिंच खाल्ली, पाणी प्यायलं आणि निर्णय दिला. जे इथलेच आहेत त्यांना पुरावा मागू नये, कारण ते इथलेच आहेत. पुरावा फक्त शपथवाल्यांनी द्यावा. बिबट्याचा विषय वेळेअभावी पुढे ढकलण्यात आला. मोराने जरा लाजत आपला पाय मातीत उमटवला आणि तो घरी गेला.

बिबट्या निवडून आला. त्याने पहिला हुकूम शपथवाल्यांच्या काळजीचा काढला. गर्दीत त्यांची आबाळ होते, म्हणून त्यांनी भर दुपारी, सगळे झोपलेले असताना, वेगळं पाण्यावर यावं. त्या वेळी राखणदार जातीने हजर राहील. समितीने टाळ्या वाजवल्या. इतकी आपुलकी आजवर कोणी दाखवली नव्हती.

धुरपदाने दोन दिवस शिंगराला दवावर ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्याची जीभ कोरडी पडली, तेव्हा ती त्याला घेऊन निघाली. ऊन रणरणत होतं. राखणदार शब्दाला जागून हजर होता.

चौथ्या दिवशी धुरपदा एकटीच साळिंदराकडे आली. तक्रार लिहून घ्या म्हणाली. साळिंदर वाईट नव्हता हो. त्याने लेखणी उचलली.

"शिंगराचा जन्म कुठला?"

"इथलाच. करवंदीच्या जाळीतला."

साळिंदराच्या हातून लेखणी गळून पडली. "अहो, मग आधी नाही का सांगायचं? तो तर आपला होता."

जंगल हळहळलं. त्याच संध्याकाळी वडाखाली शोकसभा झाली. अध्यक्षस्थानी बिबट्या होता. जंगलाने एक सच्चा भूमिपुत्र गमावला, असं म्हणून त्याने दोनदा डोळे पुसले. धुरपदाला दोन शब्द बोलायचे होते, पण सभेत बोलायला यादीत नाव लागतं. ती सभेभोवती घातलेल्या कुंपणाबाहेर उभी राहून आपल्याच लेकराची स्तुती ऐकत राहिली.

तात्पर्य: दात असले की सनद लागत नाही आणि दात नसले की ती कोणी वाचत नाही. म्हणून बालमित्रांनो, नागरिकशास्त्राचा अभ्यास थोडा कमी केलात तरी चालेल, पण दात मात्र रोज न चुकता घासा.