नवऱ्याच्या शिंकांचा तपास

"बायको वैद्य झाली, की नवऱ्याला साधं शिंकायचीही चोरी!" नवरा उशीत तोंड खुपसून पुटपुटला. वीतभर अंतरावरून मला ऐकू येणार नाही, असं वाटलं असेल!

शाळा माझी चौदाव्या वर्षीच सुटली. पण रद्दीच्या दुकानातून आणलेला वैद्यकाचा जाडजूड ठोकळा मी दोनदा वाचलाय. म्हणून छातीठोकपणे सांगितलं होतं, आठवडाभरात शिंका बंद!

रोज जेवणानंतर ठोकळा मांडीवर घेऊन मी त्याला शिकवायची.

"ऐका. धूळ, केस, बुरशी, ही बिचारी निरुपद्रवी. पण तुमच्या पहारेकरी पेशी म्हणजे अतिशहाण्या! एकदा कुणाचा संशय आला, की त्याची खूण जपून ठेवतात. तो पुन्हा दिसला, की पोटातल्या पिशव्या फोडून हिस्टामिन नावाचं रसायन उधळतात. आणि मग..."

"आऽऽक्छी!"

"बघा! अगदी वेळेवर!"

पहिला संशयित लेकीचा बोका. "रविवारी हा आत्याकडे जाणार!" मी निकाल दिला. लेकीने अबोला धरला. मी पडदे उकळले, गाद्या बडवल्या, सासूबाईंची दुलई तीनदा धुतली. दिवसाच्या शिंका सतरावरून एकवीसवर!

शनिवारी डॉक्टरांनी नवऱ्याच्या हातावर एकेका संशयिताचा थेंब टाकून, बारीक टोचून तपासणी केली. मांजराचा ठिपका थंड. धुळीचा थंड. बुरशीचा मात्र शर्टाच्या बटणाएवढा टम्म!

"बोका निर्दोष!" घरात शिरताच मी गर्जना केली. लेक गळ्यातच पडली. बोका नवऱ्याच्या मांडीवर जाऊन पसरला. एक शिंक नाही! मी तर रण जिंकल्यासारखी फिरत होते.

आता बुरशी शोधायची! न्हाणीघर कोरडं, मोरी कोरडी, कपाटामागची भिंत खडखडीत.

"थांबा, पुस्तकातच बघते!" मी ठोकळा धाडकन पलंगावर आपटून उघडला. पिवळ्या पानांतून बुरशीचा करडा धुरळा उठला.

"आक्छी! आक्छी! आऽऽक्छी!"

बोका उडी मारून पळाला. सासूबाईंनी चष्मा काढला.

"आई, नको सांगूस!" नवरा नाक दाबून म्हणाला. "तिचं एवढं जिवाचं पुस्तक आहे ते!"

"अरे, किती दिवस शिंकत बसशील?" सासूबाई माझ्याकडे वळल्या. "सूनबाई, पेशी हुशार आहेत हो त्याच्या. पहिल्या दिवसापासून तुझ्या पुस्तकाकडेच बोट दाखवतायत!"